गुडघ्यातला खड्डा आणि डिस्चार्ज कार्डावरचे दोन शब्द

जुलै २०२२. पाऊस थांबून तासभर झाला होता, मैदान अजून ओलं होतं आणि मी मुलींना खांबापाशी कसं वळायचं ते दाखवत होते. मी एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवते आणि खो-खोचा संघही बघते. वळताना माझा उजवा पाय चिखलात रुतला, बाकीची मी वळले. गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला गेलेली मला डोळ्यांनी दिसली. पाय सरळ केल्यावर ती आपोआप जागेवर आली. मुली किंचाळल्या, मी नाही. मला वाटलं, बसली ना जागेवर, मग झालं.

एक्स-रे काढला, हाड शाबूत. तीन आठवडे पाय बांधून ठेवला, मग व्यायाम सांगितले. ते मी किती केले हे विचारू नका. सूज उतरली, पण गुडघा मधूनच अडकायचा. जिना उतरताना आत काहीतरी सरकून मध्ये यायचं, तिथंच उभं राहून पाय झटकला की सुटायचं. आमचं घर पुण्यात, कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, कारण रिडेव्हलपमेंट ‘होणारच आहे’. चोपन्न पायऱ्या. दीड वर्ष मी त्या कठड्याला धरून उतरले आणि सासूबाईंनी दिलेलं तेल चोळत राहिले. तेलाला दोष नाही, वास छान होता.

जानेवारी २०२४ मध्ये एकदाचा एमआरआय केला, साडेसात हजार रुपये. तेव्हा कळलं की कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असतो तो गुळगुळीत थर, एक्स-रेमध्ये दिसतच नाही. मांडीच्या हाडाच्या टोकावर, बाहेरच्या बाजूला, २.२ गुणिले १.९ सेंटिमीटरचा कूर्चेचा तुकडा पूर्ण जाडीने उडाला होता आणि तो सांध्यात मोकळा फिरत होता. ग्रेड चार. यात पहिली ग्रेड म्हणजे नुसता मऊपणा आणि चौथी म्हणजे खालचं हाड उघडं. पाचवी नसते.

रिपोर्ट हातात आल्यावर सगळे करतात तेच मी केलं. रात्री दीडपर्यंत मोबाइल. आणि तिथं एकच शब्द सारखा दिसायला लागला, स्टेम सेल. इंजेक्शन द्या, कूर्चा उगवते, ऑपरेशन नको. फेब्रुवारीत आम्ही दोघं एका क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टर भेटायच्या आधी एक काउन्सेलर मुलगी भेटली. पोटाची चरबी काढून त्यातले स्टेम सेल गुडघ्यात सोडायचे, तीन इंजेक्शनं, १ लाख ८० हजार, आज बुकिंग केलं तर पंधरा टक्के सूट. एमआरआयची सीडी कोणी उघडून बघितली नाही. मी विचारलं, याला मान्यता कोणाची आहे? ती म्हणाली, “मॅडम, जगभर चालतं हे.” सूट ऐकून मी जरा हलले होते, खरं सांगते. नवरा तर कार्ड काढायच्या बेतात होता. मी म्हटलं, आईला विचारून सांगते. सदतिसाव्या वर्षी ‘आईला विचारून सांगते’ इतकं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

दुसरं मत घ्यायला ज्या सर्जनकडे गेलो ते वयस्क, बोलायला तिरकस. हजार रुपये फी, दीड तास बाकावर आणि आत मात्र पाऊण तास. त्यांनी सीडी लावली, खड्डा दाखवला आणि विचारलं, “पुण्यात राहता ना? खड्डा कसा बुजवायचा माहितीय? वरून डांबर ओतलं तर पहिल्या पावसात जातं. कडा उभ्या कापायच्या, तळ साफ करायचा आणि मग भरायचा. तुमच्या गुडघ्यात इंजेक्शन म्हणजे वरून ओतलेलं डांबर.”

मग एमआरआयच्या पाकिटावर पाठीमागे चित्र काढत त्यांनी जे समजावलं, ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. जखम झाली तर दुरुस्तीचं सामान घेऊन तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. कूर्चा एकदा गेली की परत भरून येत नाही, हे विल्यम हंटर नावाच्या डॉक्टरने लंडनमध्ये १७४३ साली लिहून ठेवलंय. “तेव्हा इथं बाळाजी बाजीराव पेशवे होते,” सर म्हणाले, “आणि मूळ अडचण अजून तीच आहे.” खड्डा लहान असेल तर हाडाला बारीक भोकं पाडतात, मज्जेतलं रक्त वर येतं, त्यात थोडे स्टेम सेल असतातच, आणि तिथं डागडुजीची, जरा चिवट पण कमी दर्जाची कूर्चा तयार होते. माझा खड्डा चार चौरस सेंटिमीटरच्या आसपास, त्याला ते पुरत नाही. त्यांनी सुचवलं ते वेगळं होतं. माझ्याच गुडघ्याच्या कडेची, भार न येणारी थोडी कूर्चा काढायची, त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या आणि पाच-सहा आठवड्यांनी खड्ड्यात भरायच्या. स्वीडनच्या डॉक्टरांनी या पद्धतीचे पहिले निकाल १९९४ मध्ये छापले. भारतात अशा पेशी-उत्पादनाला औषध नियंत्रकांची मान्यता २०१७ मध्ये मिळाली.

“म्हणजे स्टेम सेलच ना?” मी.

“नाही. या तुमच्या तयार कूर्चापेशी. स्टेम सेल म्हणजे अजून काय व्हायचं ते न ठरलेली पेशी. हा शब्द डोक्यातून काढा.”

त्यांनी तीनदा तरी सांगितलं. मी मान डोलावली. पण तो शब्द माझ्या नाही तरी दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यात राहणार होता, ते पुढे येईल.

त्या क्लिनिकबद्दलही विचारलं. स्टेम सेल म्हणजे सरसकट फसवणूक असं ते म्हणाले नाहीत. दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशींपासून बनवलेल्या एका भारतीय उत्पादनाला २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्यता मिळालेली आहे. पण ते झिजेच्या आजारासाठी, माझ्यासारख्या खड्ड्यासाठी नव्हे. आणि क्लिनिकमध्ये चरबी काढून तिथल्या तिथं टोचतात ते म्हणजे ते उत्पादन नव्हे. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यता नसलेला स्टेम सेल उपचार फक्त नोंदणी केलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. ट्रायल असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीचा, क्रमांक असतो, तो त्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर टाकून कोणालाही बघता येतो, आणि ट्रायलमध्ये भाग घ्यायला पेशंटकडून पैसे घेत नाहीत. तेव्हा कुठे गेलात तर उत्पादनाचं नाव आणि मान्यतेचा कागद मागा, ट्रायल म्हणाले तर क्रमांक मागा. मी मागितलं नव्हतं. आता कोणी ओळखीचं विचारायला आलं की आधी एवढंच सांगते.

लगेच ऑपरेशनची तारीख मिळाली नाही. आधी उभ्याने पूर्ण पायांचा एक्स-रे, पाय सरळ आहेत का बघायला. पायाला बाक असेल तर आधी तो सरळ करावा लागतो, नाहीतर सगळा भार नव्या कूर्चेवर येतो. पाय सरळ निघाले. वाटी पुन्हा सरकत नाही, लिगामेंट शाबूत, बाकीचा गुडघा चांगला. वजन मात्र ७४. “सहा किलो कमी करून या आणि मांडीचे स्नायू कमवून या,” एवढं सांगून सरांनी पुढची तारीख जुलैची दिली. मार्च ते जुलै मी पोहायला गेले, भात एक वेळ केला आणि टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दिवसातून तीनदा दाबत बसले. ज्यांना ऑपरेशन करायचं आहे त्यांना सांगते, हे चार महिने फुकट जात नाहीत. नंतर मांडी अशी वितळते की आधी साठवलेलं उपयोगी पडतं.

पहिलं ऑपरेशन १२ ऑगस्ट २०२४, सोमवारी. दुर्बिणीतून. त्याच्या आधी एचआयव्ही, कावीळ बी आणि सी या रक्तचाचण्या, त्यांच्याशिवाय लॅब पेशी स्वीकारत नाही. कमरेत भूल दिली होती, त्यामुळे मी जागी होते आणि पडदा माझ्याकडे वळवून ठेवला होता. आत सगळं पांढरंशुभ्र, गुळगुळीत, ओलं. शहाळं फोडल्यावर आत मलई दिसते ना, तसं. आणि मध्येच एका जागी ती मलई चमच्याने खरवडून काढल्यासारखी कड, कडेला चिंध्या लोंबतायत, तळाला पिवळसर हाड. दोन वर्षं मी जिला ‘जरा दुखतं’ म्हणत होते ती जागा. सर म्हणाले, “बघा तुमचा सिंहगड रोड.” मोकळा फिरणारा तुकडा त्यांनी चिमट्याने बाहेर काढला. मग आतल्या कोपऱ्यातून कूर्चेचे दोन-तीन बारीक तुकडे काढून एका छोट्या बाटलीतल्या गुलाबी पाण्यात टाकले. तांदळाच्या कण्यांएवढे. सिस्टरनी बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरून त्यावरचं नाव आणि जन्मतारीख मला मोठ्याने वाचायला लावली. सर्जरीला ६२ हजार झाले, कॅशलेस मंजूर झालं, विम्यातून ५५,४०० मिळाले. संध्याकाळी घरी. विमा कंपनीबद्दल माझं मत त्या दिवशी फार चांगलं होतं.

लॅबचे एकूण २ लाख ४० हजार, निम्मे तेव्हाच भरायचे. तुकड्यांतून पेशी सोडवून त्या वाढायला पाच आठवडे. मी कॅलेंडर उघडलं. १२ ऑगस्टपासून पाच आठवडे म्हणजे १६ सप्टेंबर, आणि १७ ला अनंत चतुर्दशी. पुण्यात विसर्जन म्हणजे सतरा तारखेला सुरू होऊन अठराच्या दुपारपर्यंत. पेशी लॅबमधून निघाल्या की ठरावीक तासांत सांध्यात जायला हव्यात, त्या काही मानाच्या गणपतींमागे थांबणार नाहीत. हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरला मी हे घाबरत सांगितलं. तिला हसू आलं, कारण तिने ते आधीच लिहून ठेवलं होतं. २० सप्टेंबर, शुक्रवार ठरला. पेशी एवढे दिवस दम धरतील का? धरतील, शेवटची वाढ पुढेमागे करता येते, असं लॅबने कळवलं. दर दहा दिवसांनी लॅबमधून फोन यायचा, “वाढ व्यवस्थित आहे.” माझ्या घरातलं कोणीतरी परगावी शिकायला असल्यासारखं वाटायचं. त्या वर्षी आरतीला मी खुर्चीवर बसून होते आणि मनात मागणं एकच, जंतू लागू नयेत. बॅचमध्ये जंतू निघाले तर सगळं पहिल्यापासून, हे संमतीपत्रात लिहिलेलं होतं आणि मी त्यावर सही केलेली होती.

१९ तारखेला दुपारी दाखल झाले. संध्याकाळी साडेसहाला विमा डेस्कवरचा मुलगा वर आला. कॅशलेस नामंजूर. कारण, ‘उपचार पॉलिसीच्या कक्षेत नाही’. एवढंच. त्या क्षणी पेशींचा डबा लॅबमधून निघालेला होता.

ऑपरेशन पुढे ढकलता येत नाही, कारण पेशी थांबत नाहीत. भरायचे होते लॅबचे उरलेले १ लाख २० हजार आणि ऑपरेशनचे १ लाख ६८ हजार. नवऱ्याने बसल्या जागी मोबाइलवरून एफडी मोडली. दादाला फोन केला, तो सहकारनगरला राहतो. “किती?” एवढंच विचारलं त्याने. मी दीड म्हणाले. “हजार का लाख?” “लाख.” “पाठवतो.” वहिनीने मागून ओरडून सांगितलं की सकाळी डबा काय आणू. मी त्या रात्री रडले ते भुलीच्या भीतीने नाही.

कोणी या वाटेने जात असेल तर कॅशलेसची लेखी मंजुरी पेशी मागवायच्या आधी घ्या, दुसऱ्या ऑपरेशनच्या नावासकट. पहिलं मंजूर झालं म्हणजे दुसरं होईल, हे मी गृहीत धरलं होतं.

सकाळी साडेनऊला थर्माकोलचा डबा आला. वर तापमानाची पट्टी, बॅच क्रमांक, माझं नाव. पुन्हा मोठ्याने वाचन. या वेळी दुर्बीण नाही, छोटी चीर. पडदाही नाही, एक हिरवं कापड आणि आवाज. खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत होता, कडा उभ्या कापणं चालू होतं. मग सर म्हणाले, “आता पाच मिनिटं कोणी हलायचं नाही.” पेशी एका जेलमध्ये मिसळून खड्ड्यात सोडल्या होत्या, जेल घट्ट होईपर्यंत थांबायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये एवढी शांतता मी कधी कल्पिली नव्हती. मॉनिटरची टिकटिक आणि बाहेर कुठेतरी स्ट्रेचरचं चाक. मग त्यांनी माझा गुडघा दोन-चारदा वाकवून सरळ केला, आत डोकावले आणि म्हणाले, “राहिला.”

ऑपरेशन सव्वा तासाचं. पुढचं वर्ष त्याला राखण्याचं.

२२ तारखेला डिस्चार्ज. घरी जायचा प्रश्नच नव्हता, चोपन्न पायऱ्या. दादाच्या तळमजल्यावर मुक्काम. सहा आठवडे उजवा पाय टेकवायचा नाही, चालताना आणि झोपताना बिजागरीचा लांब पट्टा सरळ कुलूपबंद. पट्टा ४,८०० रुपये, सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानात. हॉस्पिटलच्या खालच्या दुकानात तोच सहा हजारांच्या वर होता. गुडघा आपोआप वाकवणारं सीपीएम मशीन भाड्याने, रोज ३५० रुपये, अठ्ठावीस दिवस. त्यावर पाय ठेवून दिवसाला सहा तास, तुकड्या-तुकड्यात. सुरुवातीला तीस अंश, मग दोन दिवसांनी पाच-पाच वाढवत. कंटाळा इतका की मशीनच्या घरघरीला मी चाल लावली. फिजिओ मॅडमना म्हटलं, एवढं कशाला? तेव्हा त्यांनी भांडी घासायचा स्पंज आणायला लावला. पाण्यात बुडवून दाबला, सोडला. “कूर्चेला रक्त नाही. ती सांध्यातल्या पाण्यावर जगते. वाकवलं की दाबली जाते, सरळ केलं की पाणी शोषते. तुमच्या पेशींचं जेवण आहे हे, दोन घास कमी करू नका.” त्यानंतर मी एक तासही चुकवला नाही. वहिनी विचारायची, “झालं का पेशींचं जेवण?”

या सहा आठवड्यांत खरा त्रास दुखण्याचा नसतो, पहिले चार दिवस सोडले तर. त्रास असतो परावलंबनाचा. चहाचा कप वॉकर धरून नेता येत नाही. मी झाकणाची बाटली गळ्यात अडकवून त्यातून चहा नेत होते. बाथरूमला कमोडची उंच खुर्ची, पाटावर बसायला बंदी. बिनपगारी रजा. संघाच्या मुली एका रविवारी येऊन गेल्या, एकीने पट्ट्यावर स्केचपेनने बदक काढलं. ते शेवटपर्यंत राहिलं.

सहा आठवडे पुरे झाले १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. फिजिओ मॅडम सुट्टी असून सकाळी आल्या आणि वजनकाटा मागितला. पाय काट्यावर ठेवायचा आणि काटा पंधरा किलोवर आणायचा, जास्त नाही. ‘थोडा भार द्या’ म्हणजे किती हे पायाला कळत नाही, काट्याला कळतं. पहिल्यांदा ठेवला तर चार किलो. पाय घाबरला होता. पंधरा यायला दहा मिनिटं लागली. तळव्याला काट्याचा गारठा लागला आणि घरात उटण्याचा वास होता. मग दर आठवड्याला दहा-दहा किलो. डिसेंबरच्या मध्यात वॉकर सुटला, काठी आली, आणि मी तिसऱ्या मजल्यावर माझ्या घरी गेले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एका पायरीवर दोन्ही पाय. अकरा मिनिटं. तळमजल्यावरचे काका सोबत म्हणून मागे चढत होते, त्यांनाच दम लागला.

आता तो शब्द.

७ ऑक्टोबरलाच आम्ही प्रतिपूर्तीची फाइल भरली होती, ४ लाख ८ हजारांची. २१ नोव्हेंबरला नकाराचं पत्र आलं, आणि या वेळी कारण सविस्तर. ‘मूलपेशी उपचार केवळ रक्तविकारांसाठीच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणापुरता देय आहे.’ मी चक्रावले. मूलपेशी म्हणजे स्टेम सेल, त्या कुठून आल्या? डिस्चार्ज कार्ड काढलं. तिथं, केलेल्या शस्त्रक्रियेच्या रकान्यात, कोणा निवासी डॉक्टरने घाईत लिहिलं होतं, ‘स्टेम सेल इम्प्लांटेशन, उजवा गुडघा’. आधीच्या कॅशलेस अर्जातही तेच. ज्या दोन शब्दांमागे मी फेब्रुवारीत १ लाख ८० हजार घालवणार होते, त्याच दोन शब्दांनी माझे चार लाख अडवले, आणि गुडघ्यात तर स्टेम सेल नव्हतेच.

पत्रातलं कारण हवेतलं नव्हतं. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी दिली, जी पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही. तिच्यात स्टेम सेल उपचार आहे, पण रक्ताच्या आजारांसाठीच्या प्रत्यारोपणापुरताच. कंपनीने माझं कार्ड वाचून तोच नियम लावला. चूक वाचणाऱ्याची नव्हती, किमान पहिल्यांदा.

सरांकडे गेले. त्यांनी कार्ड बघितलं, चष्मा काढला, आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग स्वतः बसून दाखला लिहिला. ‘रुग्णाच्या स्वतःच्या परिपक्व कूर्चापेशींचे रोपण. मूलपेशींचा वापर केलेला नाही.’ सोबत लॅबचं बॅच प्रमाणपत्र, उत्पादनाच्या मान्यतेची प्रत, आणि दुरुस्त केलेलं डिस्चार्ज कार्ड, शिक्क्यासकट. २ डिसेंबरला हे सगळं कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केलं. पोच आली, उत्तर नाही. इथून पुढे चूक वाचणाऱ्याची.

तीस दिवस वाट बघायची, मग विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपनीविरुद्धची तक्रार ऐकून निकाल देणारे. मधे विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकली, तिथंही पहिलंच पत्र परत चिकटवून मिळालं. लोकपालांचं पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. २० जानेवारी २०२५ ला मी काठी घेऊन स्वतः गेले. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. अर्ज, पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र, आपण कंपनीला लिहिलेलं पत्र आणि त्याची पोच. शेवटची गोष्ट नसेल तर परत पाठवतात, तेव्हा कंपनीशी जे बोलायचं ते लिहून बोला. फोनवर मला तीन वेळा ‘काम चालू आहे’ सांगितलं होतं, त्याला कागदावर किंमत शून्य.

सुनावणी २२ एप्रिलला, व्हिडिओ कॉलवर. मी रात्रभर मुद्दे पाठ केले होते. प्रत्यक्षात वीस मिनिटं. कंपनीच्या प्रतिनिधीने डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवलं. मी दुरुस्त केलेलं दाखवलं. तो म्हणाला, नंतर केलेली दुरुस्ती संशयास्पद आहे. तेव्हा मी लॅबचं प्रमाणपत्र पुढे केलं. त्यावर तारीख होती १९ सप्टेंबर, ऑपरेशनच्या आधीची, आणि पेशींचा प्रकार छापलेला होता, कूर्चापेशी. एवढ्याच एका कागदाने काम झालं असं मला वाटतं. तो डब्यासोबत आलेला कागद सिस्टरनी टाकून द्यायला काढला होता आणि नवऱ्याने ‘राहू दे फाइलला’ म्हणून ठेवला. नवऱ्याला सगळे कागद ठेवायची खोड आहे, लाइट बिलं २००९ पासून आहेत. मी त्यावरून आता काही बोलत नाही.

मेच्या मध्यात निकाल आला, ११ जूनला ३ लाख ८२ हजार खात्यात. बाकीचे हातमोजे-कापूस वगैरे ‘देय नाही’मध्ये गेले. दादाचे दीड लाख त्याच दिवशी परत केले. विम्यात न बसणारं सगळं धरून, म्हणजे तपासण्या, पट्टा, मशीन, साठ-बासष्ट वेळा आलेल्या फिजिओंचे एकतीस हजार, शेवटी आमच्या खिशातून लाखाच्या आसपास गेले. बिनपगारी रजेचे वेगळे.

सप्टेंबर २०२५ मध्ये वर्षाचा एमआरआय झाला. खड्डा भरलाय, कडेला एका बाजूला किंचित खोलगट राहिलंय. सरांनी ते लपवलं नाही, “शेजारच्या कूर्चेसारखी हुबेहूब नाही, पण चिकटलीय.” पळायला परवानगी मिळाली, हळू आणि सपाटीवर. उड्या आणि खो-खोतलं झटक्याने उठणं अजून सहा महिने नाही. खूप चाललं की संध्याकाळी गुडघा थोडा सुजतो, मग दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने बसते. उकिडवं बसत नाही. जिना एका दमात उतरते, कठड्याला हात लागतो पण तो सवयीने.

शाळेत मैदानावर माझी खुर्ची खांबापाशी असते. परवा एक नवी मुलगी खांबाला वळताना पाय रुतवून उभी राहिली. मी खुर्चीतूनच शिट्टी वाजवली, सगळ्यांना थांबवलं, आणि मैदान वाळेपर्यंत आत नेऊन नियमांचं पुस्तक वाचायला बसवलं. मुली वैतागल्या. “बाई, एवढासा तर ओलावा आहे,” म्हणाल्या.